स्पॅनिशची वाट मराठीवरून

गेली काही वर्षे आम्ही फावल्या वेळात स्पॅनिशचे धडे गिरवतो आहोत. पाठ्यपुस्तके अर्थातच इंग्रजी. त्यांत एका साध्या वाक्याचा मोठा बाऊ केलेला आढळतो: 'मे गुस्ता एल काफे', म्हणजे मला कॉफी आवडते. येथे क्रियापद माणसाप्रमाणे न चालता आवडत्या वस्तूप्रमाणे चालते. पुस्तके आवडत असतील तर 'गुस्ता'चे 'गुस्तान' होते. इंग्रजीभाषकाला हे उलटे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु 'मला पुस्तक आवडते, मला पुस्तके आवडतात' असे जन्मभर बोलत आलेल्या आम्हीही तो नियम उलटा समजूनच पाठ केला!

साम्य एवढ्यावर संपत नाही. 'बुस्को उन मेदिको' म्हणजे 'मी डॉक्टर शोधतो आहे', कोणीही चालेल. 'बुस्को आ उन मेदिको' म्हणजे 'मी एका डॉक्टरांना शोधतो आहे'. मनात विशिष्ट व्यक्ती आहे. तिथला हा 'आ' म्हणजे आपला 'ला-ना'च. पुस्तक शोधताना तो सहसा दोन्हीकडे लागत नाही. पेला निसटला तर स्पॅनिशभाषक म्हणतो, 'से मे कायो एल वासो'. 'मी पाडला' असे नव्हे, 'माझ्या हातून पडला'. घटना कबूल, हेतू नाकबूल!

मराठी सर्वत्र तारून नेईल, असा आमचा दावा नाही. आपल्या एका 'असणे'साठी तिथे 'सेर' आणि 'एस्तार' अशी दोन क्रियापदे आहेत. 'एस लिस्तो' म्हणजे तो हुशार आहे. 'एस्ता लिस्तो' म्हणजे तो तयार आहे. 'सेर कायमचे, एस्तार तात्पुरते' हा घोकलेला नियमही फसतो, कारण मृत माणसाबद्दल 'एस्ता मुएर्तो' असेच म्हणतात. मरण का तात्पुरते असते? येथे कानच तयार करावा लागतो.

तरीही प्रश्न उरतो. इतकी जवळची किल्ली हाती असताना आम्ही इंग्रजीचे दार का ठोठावत राहिलो? मराठीचे व्याकरण केवळ गुणांपुरते शिकवणारे आम्हीच त्याला जबाबदार आहोत. पुढच्या सत्रात विभक्तीचा पाठ घेताना फळ्यावर 'मला कॉफी आवडते'च्या शेजारी 'मे गुस्ता एल काफे' लिहायचे, असे आम्ही ठरवले आहे.