ग्रंथालयाच्या उंबरठ्याबाहेरचे वाचक

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा होऊन अर्धशतकाहून अधिक काळ लोटला आहे. १९६७ साली हा अधिनियम संमत झाला आणि १९६८च्या महाराष्ट्रदिनापासून तो अमलात आला. त्याच्याही अगोदर, १९४५ साली, कोल्हापूर संस्थानाने ग्रंथालयांचा कायदा केला होता. देशातील त्या प्रकारचा तो पहिलाच कायदा. आज राज्यातील शासनमान्य ग्रंथालयांची संख्या दहा हजारांच्या वर आहे. गावोगावच्या ध्येयवादी माणसांनी वर्गण्या गोळा करून, प्रसंगी पदरमोड करून ही ग्रंथालये उभी केली, ही कमाई लहान नव्हे. परंतु या ग्रंथालयांचे दार सर्वांना उघडे आहे असे आपण अभिमानाने म्हणतो, तेव्हा त्या ‘सर्वां’मध्ये कोण येतो आणि कोण बाहेर राहतो, याचा हिशेब आपण आजवर नीट मांडलेला नाही.

ज्याला अक्षरओळखच नाही, त्याचा प्रश्न साक्षरतेच्या चळवळीने हाती घेतला. ज्याला दृष्टी नाही, त्याच्यासाठी ब्रेल आणि ध्वनिमुद्रित पुस्तके असावीत, हे तत्त्व म्हणून तरी मान्य झाले. या दोहोंच्या मध्ये एक तिसरा वर्ग आहे. त्याचे डोळे उत्तम आहेत, बुद्धी तल्लख आहे, तो शाळेतही गेलेला आहे. तथापि छापील ओळ त्याला वश होत नाही. यालाच डिस्लेक्सिया म्हणजे वाचन-अक्षमता म्हणतात. शंभरांत पाच ते दहा माणसांना ती कमीअधिक प्रमाणात असावी, असा जाणकारांचा सर्वसाधारण अंदाज आहे. तो आळस नव्हे, मंदपणा नव्हे आणि शिक्षकाने छडी उगारल्याने जाणारा दोषही नव्हे. अक्षर आणि ध्वनी यांची सांगड घालण्याची मेंदूची प्रक्रिया या माणसांत निराळ्या रीतीने चालते, आणि ते निराळेपण जन्मभर सोबत राहते.

इंग्रजीची वर्णरचनाच अशी विक्षिप्त की ही अडचण तिथेच संभवते, मराठीत जसे लिहावे तसे वाचावे, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. तो खरा नाही. ‘कि’मधली वेलांटी व्यंजनाच्या आधी काढायची आणि तिचा उच्चार मात्र नंतर करायचा, ‘कर्म’ शब्दातला रफार उच्चारायचा ‘म’च्या आधी आणि लिहायचा ‘म’च्या डोक्यावर. घ आणि ध, भ आणि म, प आणि ष यांतला फरक एखाद्या रेघेचा किंवा गाठीचा. त्यातच जोडाक्षरांची गर्दी. सराईत वाचकाच्या हे ध्यानातही येत नाही. परंतु ज्याला प्रत्येक शब्द नव्याने फोडून वाचावा लागतो, त्याच्यासाठी दाट, बारीक टायपात छापलेले पान म्हणजे चढणच असते. मराठीतून या अक्षमतेची चाचणी घेण्याचे प्रमाणित साधन राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ साली उपलब्ध करून दिले. यावरूनच आपल्या भाषेतील या प्रश्नाकडे किती उशिरा लक्ष गेले, ते दिसून येते.

या प्रश्नाला वर्गीय बाजू आहे, आणि आपल्या कार्यकर्त्यांनी ती विशेषत्वाने ध्यानी घेतली पाहिजे. महाराष्ट्रात १९९६ पासून अध्ययन-अक्षम विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती मिळू लागल्या. जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो. हे पाऊल स्वागतार्हच होते. परंतु सवलतीसाठी प्रमाणपत्र लागते, प्रमाणपत्रासाठी तपासणी लागते आणि तपासणीसाठी शहर, वेळ, पैसा व जाणता पालक लागतो. सुखवस्तू घरातल्या मुलाला हे सारे लाभते. त्याच्यासाठी खास शिकवणी लागते, महिन्याच्या वर्गणीवर मिळणारी बोलकी पुस्तके त्याच्या फोनवर येतात. ऊसतोड कामगाराच्या, मोलकरणीच्या, यंत्रमाग चालवणाऱ्याच्या मुलाला मात्र वर्गात ‘ढ’ हे एकच प्रमाणपत्र मिळते. ते घेऊन तो शाळेबाहेर पडतो आणि पुढे जन्मभर अर्ज, नोटीस, करारपत्र यांच्यापुढे मान खाली घालून अंगठा उठवावा तशी सही करतो. अक्षमता दोघांची सारखीच. तिची किंमत मात्र एकालाच मोजावी लागते. ही विषमता कमी करू शकेल अशी, फी न घेणारी किंवा नाममात्र वर्गणी घेणारी आणि घराजवळची सार्वजनिक संस्था एकच आहे. ती म्हणजे ग्रंथालय.

यासाठी नवा कायदा व्हावा लागेल, अशीही स्थिती नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत स्थान दिले. १९९५च्या कायद्यात ते नव्हते. मुद्रित मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठीचा माराकेश करार २०१३ साली झाला. त्यात वाचनाची अक्षमता असलेल्यांचा स्पष्ट समावेश आहे, आणि २०१४ साली या कराराला सर्वप्रथम मान्यता देणारा देश भारत होता. त्याच्याही आधी, २०१२ साली, आपल्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. दिव्यांग वाचकांसाठी, नफा न घेता, एखाद्या पुस्तकाचे ध्वनिमुद्रण करणे किंवा त्याला अन्य सुलभ रूप देणे हा तेव्हापासून हक्कभंग ठरत नाही. ही मुभा ज्या संस्थांना आहे, त्यांत शासनमान्य ग्रंथालयांचा नावानिशी उल्लेख आहे. अट एवढीच की, ती प्रत दिव्यांग वाचकांनाच मिळावी आणि बाजारात जाऊ नये. म्हणजे तालुक्याच्या गावच्या ग्रंथालयाला आपल्या कपाटातील कादंबरी गावातल्याच एखाद्या सुस्वर शिक्षिकेकडून वाचून घेऊन, ध्वनिमुद्रित करून अशा वाचकाला देण्याचा अधिकार एका तपाहून अधिक काळ आहे. किती कार्यकारी मंडळांना हे ठाऊक आहे? किती जिल्ह्यांच्या ग्रंथालय अधिवेशनांत यावर ठराव झाला आहे?

यावर दोन आक्षेप हमखास येतील. पहिला असा की, ग्रंथालय-सेवकाला पोटापुरते वेतन नाही, अनुदान वेळेवर येत नाही, तिथे ही चैन कशाला? सेवकांच्या वेतनाचा लढा न्याय्य आहे आणि आपण त्यात त्यांच्या बरोबरच असले पाहिजे. परंतु वंचितांच्या एका मागणीला दुसऱ्या वंचितांविरुद्ध उभे करणे ही राज्यकर्त्यांची जुनी युक्ती आहे. तिला आपण बळी पडू नये. उलट, ज्या संस्थेचा लाभ गावातल्या अधिक माणसांना होतो, तिच्या अनुदानाच्या मागणीमागे अधिक माणसे उभी राहतात.

दुसरा आक्षेप सुशिक्षितांचा आहे. ऐकणे म्हणजे काही वाचणे नव्हे, असे ते म्हणतात. ज्या प्रदेशात ज्ञानेश्वरी शतकानुशतके बहुसंख्यांनी कानांनीच ग्रहण केली, जिथे कीर्तन, पोथीवाचन आणि शाहिरी यांतून साहित्य घरोघर पोहोचले, जिथे गिरणगावच्या चाळींत एकाने वर्तमानपत्र मोठ्याने वाचावे आणि दहाजणांनी ते ऐकून वाद घालावा अशी रीत होती, तिथे हा आक्षेप यावा हे नवलच म्हटले पाहिजे. ग्रंथ कोणत्या इंद्रियाच्या वाटेने आत गेला, याला महत्त्व नाही. तो आत जाऊन विचार जागा करतो की नाही, हे महत्त्वाचे.

करावयाचे काम साधे आहे. आंतरराष्ट्रीय ग्रंथालय महासंघाने डिस्लेक्सिया असलेल्या वाचकांसाठी २००१ साली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि २०१४ साली ती सुधारली. स्वीडनमधील सार्वजनिक ग्रंथालयांत ‘सफरचंदाचे कपाट’ या नावाने ओळखला जाणारा विभाग असतो. निराळ्या रीतीने वाचणाऱ्या मुलांची सारी पुस्तके तिथे हाताशी, दर्शनी मांडलेली असतात. आपल्याकडे एवढे तरी सहज करता येईल : मोठ्या टायपातली, मोकळ्या ओळींची, सोप्या वाक्यांची पुस्तके निवडून ती दाराजवळच्या कपाटात, मुखपृष्ठ दिसेल अशी ठेवावीत, आणि ते कपाट बालविभागात कोंबू नये, प्रौढ माणसाला मुलांच्या रांगेत बसण्याची लाज वाटते. पुस्तक परत करण्याची मुदत अशा वाचकांना दुप्पट द्यावी आणि दंड माफ करावा. सभासदत्वाचा अर्ज सेवकानेच विचारून भरून घ्यावा. आठवड्यातून एक सायंकाळ प्रकट वाचनासाठी राखावी. फोनवर मराठी मजकूर मोठ्याने वाचून दाखवण्याची सोय आता आहे. ती कशी वापरायची हे दाखवणारा एक तरुण कार्यकर्ता प्रत्येक ग्रंथालयाला मिळणे अवघड नाही. दृष्टिहीन व मुद्रित मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी २०१६ साली सुरू झालेल्या ‘सुगम्य पुस्तकालय’ या संगणकीय ग्रंथालयाची माहिती सूचनाफलकावर लावावी. आणि या सर्व सोयींसाठी ग्रंथालयाने कोणाकडेही प्रमाणपत्र मागू नये. ध्वनिमुद्रित प्रतीपुरती कायद्याची अट सांभाळावी लागेल. मोठ्या टायपाच्या पुस्तकाला आणि माफ केलेल्या दंडाला कोणतीही अट नाही.

शासनाकडे आपली मागणी नेमकी असावी. अनुदानाचा दर्जा ठरवताना ग्रंथसंख्या, नियतकालिके आणि सभासद मोजले जातात. सुलभ रूपातील ग्रंथ व अशा वाचकांची सेवा हाही त्यात निकष असावा, आणि त्यासाठी वेगळी तरतूद व्हावी. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली, त्यांतील दुसऱ्या सूत्राचा आशय असा की, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळाला पाहिजे. ही सूत्रे आपल्या ग्रंथालयांच्या भिंतींवर टांगलेली असतात. आपले कितीतरी कार्यकर्ते गावोगावच्या ग्रंथालयांच्या कार्यकारी मंडळांवर आहेत. त्यांनी येत्या बैठकीत हा विषय कार्यसूचीवर घ्यावा, आणि शाळा सोडून गेलेल्या ‘ढ’ मुलांची यादी करून त्यांच्या घरी स्वतः जावे. ती मुले आपण होऊन ग्रंथालयात येणार नाहीत, कारण पुस्तकांनी आजवर त्यांचा अपमानच केलेला आहे. त्यांना बोलावून आणणे हे आपले काम आहे.