डीफॉल्ट 'नाही'

चालू टेबलात नवा कॉलम घालायचं काम हल्ली कोणी हाताने करत नाही. लिक्विबेस, फ्लायवेसारखी टूल्स आहेत. बदलाची फाईल लिहायची, टूल ती प्रत्येक डेटाबेसवर क्रमाने आणि एकदाच चालवतं. झकास सोय! पण कॉलम 'नॉट नल' ठेवलात की पोस्टग्रेस अडून बसतो: जुन्या ओळींत काय भरू? मग घाईत डीफॉल्ट 'नाही' ठोकून आपण मोकळे. टूल खूश, टेस्ट हिरव्या. आणि ज्यांना कधी विचारलंच नव्हतं, त्या सगळ्यांचं उत्तर झालं 'नाही'!

आता गडचिरोलीतल्या सूरजागडकडे बघा. लिक्विबेस आलं २००६ साली. वनहक्क कायदाही संसदेने त्याच वर्षी मंजूर केला. जंगलाच्या जुन्या दप्तरात 'गावाचा हक्क' हा नवा कॉलमच की तो! लागू झाला ३१ डिसेंबर २००७ ला. त्याआधीच, २००७ मध्येच, इथे ३४८ हेक्टरचा लोहखनिजाचा खाणपट्टा दिला गेला. माडिया लोक जिथे ठाकुरदेवाला पूजतात, त्या डोंगरापुढे हक्काचा कॉलम तेव्हा रिकामा होता. रिकामा म्हणजे 'नाही' नव्हे हो, 'अजून विचारलं नाही'.

माझं मत साधं आहे. आधी नल राहू द्या, माणसांना विचारून ओळी भरा, मगच 'नॉट नल' लावा. वेळ जातो, मॅनेजर कुरकुरतो. कुरकुरू दे. टेबल बदलणं टूलचं काम. दुसऱ्याच्या वतीने 'नाही' म्हणायचा अधिकार त्याला नाही, आपल्यालाही नाही.