घोडा, पैज आणि जबाबदारी : शर्यतीच्या इतिहासाची न सांगितली जाणारी बाजू (थ्रेड)

1674 च्या सुमारास चिपळूणजवळच्या छावणीतील अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांचे एक पत्र गेले. उंदीर दिव्याची पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजी जळून जातील, ही बारीक सूचना ज्या पत्रात आहे, तेच हे पत्र. ती सूचना अनेकांच्या स्मरणात असते. घोड्यांविषयीचा मजकूर मात्र फारसा कोणी सांगत नाही.

त्याचा आशय असा : दाणा आणि वैरण आताच बेहिशेबी संपवली, तर ऐन पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, आणि ती मेली, तर ती तुम्हीच मारली असे होईल.

हा निव्वळ भूतदयेचा उद्गार नव्हे. घोडा म्हणजे फौज, आणि फौज म्हणजे राज्य, हा हिशेब त्यामागे स्पष्ट आहे. युद्धात घोडे मरत, मारले जात. त्या काळाला सोवळे ठरवण्याचे कारण नाही. परंतु एक गोष्ट त्या पत्रात नि:संदिग्ध आहे. ज्याच्या हाती व्यवस्था, त्याच्याच माथी मृत्यू. ‘दैवाने मेले’ म्हणून सुटका नाही.

घोड्यांच्या आधुनिक शर्यतीने नेमकी हीच जबाबदारी पुसून टाकली आहे. धावपट्टीवर घोड्याचा पाय मोडला, पडदे लावून त्याला तेथेच मारले, की त्या घटनेला ‘अपघात’ म्हणतात. पुढची शर्यत वेळेवर सुटते.

हा अपघात आहे की रचनेचा परिणाम, हे ठरवण्यासाठी शर्यतीच्या इतिहासाकडेच जावे लागते.

सतराव्या शतकात न्यूमार्केटला राजाच्या बक्षिसासाठी ज्या शर्यती होत, त्यांत सहा वर्षांचे घोडे धावत. अंतर चार मैल, पाठीवर जड वजन, आणि एकाच दिवशी अनेक फेऱ्या. त्या शर्यती सौम्य नव्हत्या. पण धावणारे जनावर निदान पूर्ण वाढलेले असे.

इक्लिप्स या घोड्याचे नाव शर्यतीच्या जगात दंतकथेसारखे घेतले जाते. जन्म 1764. आजच्या बहुसंख्य थरोब्रेड घोड्यांची पितृशाखा त्याच्यापर्यंत पोहोचते. 18 शर्यती, 18 विजय. तो पहिल्यांदा धावला 1769 मध्ये, म्हणजे पाचव्या वर्षी. आज पाचव्या वर्षापर्यंत बहुतेक नामांकित घोड्यांची कारकीर्द संपलेली असते.

बदल झाला तो त्यानंतरच्या दोन दशकांत. 1776 मध्ये सेंट लेजर, 1779 मध्ये ओक्स, 1780 मध्ये डर्बी. तिन्ही शर्यती तीन वर्षांच्या घोड्यांसाठी. 1786 मध्ये न्यूमार्केटची जुलै स्टेक्स सुरू झाली, ती दोन वर्षांच्या शिंगरांसाठी. अंतर कमी झाले, वेग वाढला, वय उतरले.

कारण सरळ आहे. घोडा सहा वर्षे पोसायचा आणि मग धावतो की नाही ते पाहायचे, हा धनाढ्यांनाही महाग सौदा. दोन वर्षांत निकाल लागला तर भांडवल लवकर मोकळे होते, आणि कोवळ्या घोड्यांचा अंदाज बांधणे अवघड असल्याने पैजेला रंगही चढतो. ज्या परंपरेचे गोडवे गायले जातात, ती परंपरा अशी हिशेबाच्या वहीत जन्मली आहे.

घोड्याचा सांगाडा पक्का व्हायला साधारण पाच-सहा वर्षे लागतात. त्यात आणखी एक गंमत, गंमत म्हणवत नसली तरी. उत्तर गोलार्धात शर्यतीच्या सर्व घोड्यांचा अधिकृत वाढदिवस एकच, 1 जानेवारी. मे महिन्यात जन्मलेले शिंगरू आठव्या महिन्यातच कागदावर एक वर्षाचे होते. म्हणून ‘दोन वर्षांचा’ घोडा प्रत्यक्षात वीस महिन्यांचाही असू शकतो.

भारतात डर्बी चार वर्षांच्या घोड्यांची असते, असे अभिमानाने सांगितले जाते. ती होते फेब्रुवारीत. म्हणजे त्या घोड्यांना कागदावर चौथे वर्ष लागून महिनाच झालेला असतो.

मग जे घडायचे ते घडते. 2008 मध्ये एट बेल्स ही तीन वर्षांची घोडी केंटकी डर्बीत दुसरी आली, आणि अंतिम रेषा ओलांडल्यावर काही क्षणांत कोसळली. पुढच्या दोन्ही पायांचे घोटे मोडले होते. तिला तेथेच मारावे लागले. 2006 मध्ये बार्बारो या डर्बीविजेत्याचा पाय प्रीकनेस शर्यतीत मोडला. पैशाची आणि उपचारांची कमतरता नव्हती, तरी जानेवारी 2007 मध्ये त्यालाही मारावे लागले. सुमारे 450 ते 500 किलोचा देह तीन पायांवर फार काळ उभा राहत नाही. भार पडलेल्या धडधाकट पायांचे खूरही आतून सुजून निकामी होतात.

‘घोड्याला धावायला आवडतेच,’ हे समर्थकांचे आवडते उत्तर. आवडते, यात शंका नाही. माळावर सोडलेले शिंगरू स्वतःहून उधळते, आणि दम लागला की थांबते. शर्यतीत थांबण्याचा निर्णय त्याच्याकडे नसतो. तो चाबकाकडे असतो.

चाबकाने दुखत नाही, असेही सांगितले जाते. 2020 मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी घोड्याच्या आणि माणसाच्या पुठ्ठ्यावरील कातडीची सूक्ष्मदर्शकाखाली तुलना केली. कातडीच्या बाहेरच्या थराची जाडी आणि त्यातील वेदना नेणाऱ्या मज्जातंतूंची दाटी, दोन्हींत लक्षणीय फरक आढळला नाही. ब्रिटनमध्ये 2023 पासून नियम आहे : सपाट शर्यतीत जास्तीत जास्त 6 फटके, अडथळ्यांच्या शर्यतीत 7. जे दुखतच नाही, ते मोजण्याची गरज नियामकांना का वाटावी?

आता मुंबईकडे. घोड्यांच्या संघटित शर्यती येथे आल्या त्या इंग्रजांच्या छावण्यांतून आणि क्लबांतून. 1883 मध्ये महालक्ष्मीचे रेसकोर्स उभे राहिले. 1943 मध्ये तेथे पहिली इंडियन डर्बी झाली आणि बडोद्याच्या महाराजांची प्रिन्सेस ब्यूटिफुल ही घोडी जिंकली. शिलेदार, बारगीर आणि पागा यांच्या इतिहासाशी या खेळाचे नाते जोडण्याची हौस काहींना असते. भीमथडीचे तट्टू डोंगर चढण्यासाठी आणि दूरच्या मजला मारण्यासाठी नावाजले होते. दोन-अडीच मिनिटांच्या पैजेसाठी नव्हे. शर्यतीला मराठी वारसा म्हणणे हा इतिहासाचा विपर्यास आहे.

कायद्याने या खेळाकडे कसे पाहिले, ते अधिकच उद्बोधक आहे. मुंबई प्रांतात 1887 च्या जुगारविरोधी कायद्याने चौकातला जुगार गुन्हा ठरवला, पण परवानाधारक रेसकोर्सवरच्या पैजेला वेगळी वाट ठेवली. 1912 चा कायदा रेसकोर्सच्या परवान्यांसाठीच झाला. 1996 मध्ये मद्रासच्या शर्यतींसंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ ठरवला : प्रशिक्षणाने आलेली घोड्याची क्षमता आणि जॉकीचे कसब यांवर निकाल ठरतो, म्हणून हा जुगार नव्हे.

या युक्तिवादाचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. माणसाची पैज निर्दोष ठरावी म्हणून घोड्याचे कौशल्य साक्षीला बोलावले गेले. त्या कुशल खेळाडूचे वय काय, दुखापत झाल्यास त्याचे काय, निवृत्तीनंतर त्याला कोण पोसणार, हे प्रश्न त्या वादाचा विषयच नव्हते. सरकारही तटस्थ नाही. 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा शर्यतीवरच्या पैजेला 28 टक्के कर लागला. तिजोरीचाही हिस्सा ठरलेला.

येथे बैलाची गोष्ट आठवते. 2011 मध्ये केंद्राने खेळासाठी वापरता न येणाऱ्या प्राण्यांच्या यादीत बैल घातला. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यती बंद केल्या. 2017 मध्ये महाराष्ट्राने कायदा बदलला, डिसेंबर 2021 मध्ये शर्यतींना परवानगी मिळाली, मे 2023 मध्ये घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला. या बारा वर्षांत बैलाच्या शेपटीपासून त्याच्या शरीररचनेपर्यंत सगळ्याची न्यायालयात चर्चा झाली. घोडा त्या यादीत कधी आलाच नाही.

2015 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हौसेच्या फेरफटक्यासाठी चालणाऱ्या व्हिक्टोरिया बेकायदा ठरवल्या. घोड्यांचे हाल हे त्यामागचे एक कारण होते, आणि ते योग्यच होते. परंतु नरिमन पॉइंटचा घोडा पीडित आणि महालक्ष्मीचा घोडा खेळाडू, हा भेद घोड्याच्या वेदनेवरून ठरलेला नाही. तो मालकाच्या ऐपतीवरून ठरलेला आहे. घाटाकडेच्या शेतकऱ्याने बैलाला मारलेली काठी क्रौर्य, आणि जॉकीचा चाबूक म्हणजे डावपेच! बैलगाड्यांच्या शर्यतींना यातून सूट मिळावी असे मुळीच नाही. मोजमाप एकच हवे, इतकेच.

महालक्ष्मीच्या जमिनीचा भाडेपट्टा 2013 मध्ये संपला. तेव्हापासून उद्यान, वाहनतळ, एकरांचे वाटप यांवर मुंबईत भरपूर वाद झाला. घोडा त्या वादात आला तो बहुधा त्याच्या तबेल्यांच्या जागेपुरताच.

समर्थकांचा एक मुद्दा मात्र टाळता येत नाही. मोतद्दार, नालबंद, जॉकी, पशुवैद्य, पुण्याच्या परिसरातील अश्वपैदास केंद्रांवरचे कामगार यांची पोटे या धंद्यावर चालतात. पहाटे चारला उठून घोड्याला खरारा करणारा मोतद्दार त्या घोड्यावर मालकापेक्षा अधिक माया करतो, हेही खरे. घोडा मेला तर पहिला तोच रडतो. पण नियम तो करत नाही. घोडा किती वर्षांचा असताना उतरवायचा, किती वेळा धावडवायचा, हे त्याला कोणी विचारत नाही. त्याच्या मायेचा दाखला देऊन मालकांच्या निर्णयांची पाठराखण करणे हा त्याच्यावरही अन्याय आहे.

शर्यती सुधारता येत नाहीत, हेही खरे नाही. अमेरिकेत घोड्यांच्या दुखापतींची रीतसर नोंद ठेवायला सुरुवात झाली. 2009 मध्ये, सहभागी रेसकोर्सवर, दर हजार धावांमागे 2 घोडे मृत्युमुखी पडत. 2023 मध्ये ते प्रमाण 1.32 वर आले. नोंदीमुळे धोक्याची कारणे दिसू लागली, आणि धावपट्ट्या, तपासणी, औषधांचे नियम बदलले. जो मृत्यू मोजल्याने आणि नियम बदलल्याने टळतो, त्याला दैवाचा घाला म्हणता येत नाही. 1.32 हा आकडाही समाधानाचा नाही. त्यामागे दरवर्षी शेकडो घोडे आहेत.

म्हणून मागणी धावपट्टीपासून सुरू व्हावी. प्रत्येक घोड्याचा मृत्यू नाव, वय आणि कारणासह जाहीर व्हावा. हाडे पक्की होईपर्यंत घोडा शर्यतीत उतरू नये, मग डर्बीचे वेळापत्रक मोडले तरी चालेल. बक्षिसाच्या आणि पैजेच्या प्रत्येक रुपयातून काही हिस्सा निवृत्त घोड्याच्या दाण्यावैरणीसाठी आधीच बाजूला पडावा; शर्यतीतून बाद झालेला घोडा कोणाच्या दारी जातो, याची नोंद त्याच्या मरणापर्यंत मालकाच्या नावावर राहावी. आणि चाबूक जावा. नॉर्वेने घोडा पळवण्यासाठी चाबूक मारण्यावर 1982 मध्येच बंदी घातली. तेथे घोडे अजून धावतात, लोक अजून पैजा लावतात.