खासगी चिटणिसाची नोकरी

साहेबांचीं पत्रें लिहिणारा, भेटीच्या वेळा नेमणारा आणि टिपणें सांभाळणारा मनुष्य म्हणजे एक बरा कारकून, अशी आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांची समजूत अजूनहि आहे. मुलीनें किंवा सुनेनें ‘मी स्वीय सहायकाच्या परीक्षेस बसतें’ असें म्हटलें, कीं ओटीवरून प्रश्न येतो, ‘आणि पुढें काय?’ या प्रश्नाचा विचार आज एका कचेरीच्या उदाहरणानें करूं.

ती कचेरी म्हणजे दिल्लीचा भारतीय स्पर्धा आयोग. व्यापाऱ्यांनीं संगनमतानें भाव चढवूं नयेत, बलाढ्य कंपनीनें वर्चस्वाचा दुरुपयोग करूं नये आणि कंपन्यांच्या विलीनीकरणानें गिऱ्हाईक नाडलें जाऊं नये, हें पाहणें त्याचें कर्तव्य. स्पर्धा कायदा २००२ चा. आयोग २००३ सालीं स्थापन झाला व २००९ च्या मे महिन्यापासून संगनमत आणि वर्चस्व यांवरील कलमें अमलांत आलीं. कल्पना मात्र जुनी आहे. एकत्र होऊन माल अडवणाऱ्या किंवा अवाच्या सवा भावानें विकणाऱ्या व्यापाऱ्यांस कौटिल्यानें सहस्र पणांचा दंड सांगितला आहे. त्याच अर्थशास्त्रांत राजाच्या लेखकासाठीं स्वतंत्र अध्याय असून अर्थक्रम, संबंध, परिपूर्णता, माधुर्य, औदार्य व स्पष्टत्व असे लेखनाचे सहा गुण गणले आहेत.

केंद्र सरकारच्या लघुलेखकांची भरती कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षेनें होते. बारावी उत्तीर्ण उमेदवारास दहा मिनिटें मजकूर सांगतात. खालच्या श्रेणीस मिनिटाला ८० शब्द, वरच्या श्रेणीस १००. पुढें स्वीय सहायक, खासगी चिटणीस, प्रधान खासगी चिटणीस अशा पायऱ्या आहेत. स्पर्धा आयोग कांहीं जागा इतर खात्यांतील माणसें प्रतिनियुक्तीवर घेऊन भरतो. अध्यक्ष व सभासद यांची मुदत पांच वर्षांची; दप्तर जाणणारीं माणसें त्यांच्या मागें राहतात.

या कामाचें मोल एका खटल्यावरून कळेल. २०१२ सालीं आयोगानें अकरा सिमेंट कंपन्यांस संगनमताबद्दल सहा हजार कोटी रुपयांहून अधिक दंड केला. २०१५ च्या डिसेंबरांत अपील न्यायाधिकरणानें तो आदेश रद्द केला. कारण हिशेबांतलें नव्हतें. शेवटच्या सुनावणीस जे अध्यक्ष हजर नव्हते, त्यांनींच आदेशावर सही केली होती. आयोगास पुन्हां सुनावणी घ्यावी लागली, आणि २०१६ सालीं पुन्हां दंड झाला. कोण केव्हां हजर होतें, ही साधी नोंद किती मोठी असते पाहा. तसेंच कबुलीजबाबाचें. संगनमतांतील जी कंपनी प्रथम येऊन कबुली देईल, तिला दंडांत शंभर टक्क्यांपर्यंत सूट मिळूं शकते. दुसरीस पन्नास व तिसरीस तीस टक्क्यांपर्यंत. अर्ज कोणत्या दिवशीं, किती वाजतां पोहोंचला, यावर क्रम लागतो. तेथें पोहोंच लिहिणाऱ्या हाताची चूक कोट्यवधींची ठरेल.

परंतु खरी कसोटी कचेरींत नाहीं, घरांत आहे. रात्रीं पंगतीस बसल्यावर काका सहज विचारतात, ‘काय गं, त्या दोन कंपन्यांचें जुळतें आहे का?’ काकांपाशीं एकीचे भाग असतात. त्यांच्या मनांत कपट नसतें, कुतूहल असतें. मात्र ‘हो’, ‘नाहीं’ किंवा नुसतें हसणें, यांतील प्रत्येक गोष्ट उत्तरच होते. कायद्याच्या ५७ व्या कलमानें कंपन्यांची माहिती कायद्याच्या कामाखेरीज, त्यांच्या लेखी परवानगीवांचून, उघड करण्यास मनाई आहे. इकडे वडिलांस उत्तर न देणें हा आपल्याकडे उद्धटपणा. बिचाऱ्या मुलीनें कोणती मर्यादा पाळावी?

आमचें सांगणें म्हणून मुलीस नसून काकांस आहे. वैद्याच्या घरांत रोग्यांची चौकशी होत नाहीं, शिक्षकाच्या घरांत प्रश्नपत्रिकेची होऊं नये, तसेंच येथेंहि. मौनाला घरांतच मान मिळाला, तर बाहेर तें पाळणें सोपें जातें. आयोगाच्या आदेशावर चिटणिसाचें नांव कधींच येत नाहीं, हें खरें. परंतु सिमेंटचें पोतें रास्त भावानें घेणाऱ्या गृहस्थानें एवढें ध्यानांत ठेवावें, कीं त्या भावाच्या रक्षणांत कोणा अज्ञात चिटणिसाच्या नेटक्या नोंदीचाहि वांटा आहे. ‘पुढें काय?’ या प्रश्नास एवढें उत्तर पुरेसें व्हावें.