सोन्याची पाटी उतरवण्याआधी

दुकानांच्या पाट्या मराठीत हव्यात, हा आग्रह रास्तच आहे. २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन महिन्यांची मुदत दिली आणि पाट्या भराभर बदलल्या. बदलून आलं काय, तर फ्लेक्स, अ‍ॅक्रिलिक आणि आतून पेटणारे डबे. देवनागरी अक्षरावर हात बसलेल्या पेंटरांच्या वाट्याला यायला हवं होतं ते काम छपाईच्या यंत्रांनी नेलं. याची मला मनापासून चीड येते.

त्यातही सोन्याचा वर्ख लावणारे हात आता शोधावे लागतात. हे काम काचेच्या मागच्या बाजूने होतं. काच लखलखीत पुसायची, कोमट पाण्यात विरघळवलेलं जिलेटिन तिच्यावर फिरवायचं. वर्ख मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका पातळ, त्याला बोट लावायची सोय नाही. खारीच्या केसांचा रुंद, विरळ ब्रश गालावरून फिरवला की त्याला किंचित तेलकटपणा येतो आणि तेवढ्यावर वर्ख उचलला जातो. ओल्या काचेजवळ नेताच तो झेप घेऊन चिकटतो. वाळल्यावर त्यावर उलटी अक्षरं रंगवायची. पहिली वेलांटी दुसरीच्या जागी, दुसरी पहिलीच्या. काना अक्षराच्या डावीकडे. रंग सुकला की बाहेरचं सोनं ओल्या कापसाने पुसून काढायचं. मग काच फिरवून समोरून पाहा!

सोनेरी पावडरीने हे साधत नाही. ती तांब्या-जस्ताची, काही वर्षांत काळवंडते. सोनं काळं पडत नाही. म्हणून शाळेचा गुणवंतांचा फलक किंवा वाचनालयातली देणगीदारांची पाटी ‘जरा उजळून घ्या’ म्हणून कोणाच्याही हाती देऊ नका. आधी जाणकाराला दाखवा. खाली वर्ख असेल, तर वरून फासलेला सोनेरी रंग त्याचा घात करील.

ब्रिटनमध्ये सोन्याचा वर्ख कुटण्याचा हस्तव्यवसाय २०१७ साली नामशेषांच्या यादीत गेला. आपल्याकडे वर्ख अजून मिळतो, तंजावर शैलीच्या चित्रांना तो लागतोच. अडलंय ते गिऱ्हाइकापाशी. जुन्या पाट्यांचे फोटो काढून हळहळणारे आपण पुष्कळ आहोत, पण त्या हळहळीवर पेंटरचं घर चालत नाही.

अख्खी पाटी परवडत नसेल, तर फक्त नाव सोन्यात करा, बाकी साध्या रंगात. दवाखान्याचं दार, पेढीची काच, सोसायटीचा नामफलक, कुठेही चालेल. उपयोजित कलेच्या महाविद्यालयांनी या कारागिरांना वर्गात बोलवावं, शिक्षकाचं मानधन द्यावं आणि मुलांच्या हाती ब्रश द्यावा. नुसतं प्रात्यक्षिक बघून हा हात बसत नाही. आणि या दिवाळीला दुकानाचं रंगकाम काढणार असाल, तर फ्लेक्सवाल्याकडे जाण्याआधी आपल्या भागातल्या जुन्या पेंटरला गाठा. काचेवर वर्ख लावता का, विचारा. हो म्हणाले, तर घासाघीस न करता आगाऊ रक्कम द्या आणि सोबत एखादा शिकाऊ घेऊन यायला सांगा. त्याची मजुरीही तुम्हीच द्या.