आपल्या गावचे आभाळ

उन्हाळ्याच्या सुटीत शाळकरी मुलाला कागद व रंगपेटी देऊन ‘देखावा काढ’ असे सांगितले, तर कागदावर काय उमटेल हे आधीच सांगता येते. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या खाचेतून उगवणारा सूर्य, वळणे घेत येणारी नदी, काठी कौलारू घर आणि नारळाचे झाड. मुलगा रत्नागिरीचा असो की पैठण तालुक्यातील पाचोडचा, चित्र एकच! वस्तुतः पाचोडच्या शिवारात ना असे डोंगर, ना नारळाच्या रांगा. तेथे आहेत कपाशीची काळी वावरे, मोसंबीच्या बागा, बांधावरची बाभळ आणि या सर्वांवर पसरलेले विस्तीर्ण आभाळ. रोज डोळ्यांसमोर असलेले हे दृश्य कागदावर येत नाही. कारण आपला परिसर चित्रात घेण्याच्या योग्यतेचा नाही, असे त्या मुलाच्या मनाने नकळत ठरवून टाकलेले असते. ज्या मराठवाड्याची ओळख बाहेर बहुधा दुष्काळाच्या बातम्यांतूनच होते, तेथे ही गोष्ट अधिक चिंताजनक होय.

यावर हवामानाची सबब सांगितली जाते. मे महिन्यात दहानंतर ऊन सोसवत नाही, दुपारी वावटळ कागद उडवते आणि सायंकाळी वळीव येतो. अशा हवेत बाहेर बसून चित्र कसे काढावे? सबब खरी आहे. परंतु ही लहरी हवाच चित्रकलेची उत्तम शिक्षिका आहे. दिनदर्शिकेवरील चित्राची नक्कल करताना घाई नसते, म्हणून निवडही करावी लागत नाही. उघड्यावर मात्र सावली सरकते, ढग बांधावरचा उजेड पुसून टाकतो आणि महत्त्वाचे काय व गौण काय याचा निर्णय दहा मिनिटांत घ्यावा लागतो. पाहण्याची खरी सवय लागते ती अशा निर्णयांतूनच.

इंग्लंडातील चित्रकार जॉन कॉन्स्टेबल यांनी 1821 व 1822 या वर्षी लंडनजवळच्या हॅम्पस्टेड येथे केवळ आभाळाची चित्रे रंगविली आणि त्यांतील अनेकांच्या मागे दिवस, वेळ व वाऱ्याची दिशा नोंदविली. आपल्याकडे कोल्हापूरचे आबालाल रहिमान (निधन 1931) यांनी कोटितीर्थाचा एकच परिसर निरनिराळ्या प्रहरी पुन्हा पुन्हा चितारला. रम्य स्थळांच्या शोधात दूर जाण्यापेक्षा जवळचे स्थळ पुरते पाहावे, हाच धडा या दोघांकडून मिळतो.

एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय परीक्षांमुळे रेखाकला खेडोपाडी पोहोचली, हे श्रेय नाकारता येणार नाही. तथापि परीक्षेची खोली चार भिंतींची असते. सुटीत या भिंती नसतात, तेव्हा कलाशिक्षकांनी मुलांना साधे काम द्यावे. पोस्टकार्डाएवढा कागद, एक पेन्सिल आणि घराजवळची एकच जागा. तापलेल्या जमिनीवरची दमट हवा वर चढून दुपारनंतर ढगांचे मनोरे उभे राहतात. म्हणून सकाळी झाडे व वावरे काढावीत, दुपारनंतर ओसरीत बसून ढग टिपावेत. प्रथम सावलीची कड आखावी, कारण तीच आधी पळते. कागदामागे तारीख, वेळ, वारा लिहावा. गडगडाट होताच मात्र वही मिटून पक्क्या घरात यावे. झाडाखाली आसरा घेणे वळिवात जिवावर बेतते.

दिवाळीच्या सुटीत पुन्हा तीच जागा काढावी. मे महिन्यातील ढेकळांच्या ठिकाणी तेव्हा वेचणीला आलेला कापूस असेल. किंवा 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्याने अनुभवली तशी अतिवृष्टी झाली, तर पाण्याने खरवडलेले वावर असेल. दोन्ही कागद शेजारी ठेवले की गावाचे वर्ष डोळ्यांपुढे उभे राहील. शाळांनी अशी चित्रे वर्गाच्या भिंतीवर लावावीत. त्यांतून चित्रकार किती निपजतील हा प्रश्न गौण आहे. रोहिणी-मृगाचे आभाळ वाचणाऱ्या बापाच्या मुलाला तेच आभाळ कागदावर मांडण्याजोगे वाटू लागले, तरी शिक्षणाचे एक मोठे काम झाले असे म्हणता येईल.