अस्थिरतेला आवर : जिनिव्हा, गांधीनगर आणि आपले अलिबाग

ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हा येथे अणुऊर्जेच्या शांततामय उपयोगांविषयी भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेचे अध्यक्षपद डॉ. होमी भाभा यांनी भूषविले. अणुसंमीलनाची ऊर्जा नियंत्रितपणे मिळविण्याचा मार्ग दोन दशकांत सापडेल, असे भाकीत त्यांनी तेथे वर्तविले. त्याला सात दशके उलटली. त्या ऊर्जेवर अद्याप एकाही घरात दिवा लागलेला नाही. म्हणून हे विज्ञानच फसले, असे म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही.

अडचण कोठे आहे, हे पाहिले पाहिजे. सूर्य ज्या जातीच्या प्रक्रियेने तळपतो, ती पृथ्वीवर घडविण्यासाठी हायड्रोजनची जड रूपे दहा कोटी अंशांहून अधिक तापवावी लागतात. या अवस्थेतील द्रव्य म्हणजे प्लाझ्मा. त्याला धरील असे भांडे नाही. म्हणून टोकामॅक या कंकणाकृती यंत्रात चुंबकीय क्षेत्र त्याला भिंतींपासून दूर ठेवते. परंतु प्लाझ्मातून वाहणाऱ्या विद्युतप्रवाहाला किंचित बाक आला, तरी तो आपोआप वाढू शकतो आणि काही सहस्रांश सेकंदांत सारा डोलारा कोसळतो.

केवळ क्षेत्राचे बळ वाढवून येथे भागत नाही. यंत्राभोवतीची वेटोळी चुंबकीय क्षेत्रातील सूक्ष्म बदल टिपतात व त्यानुसार नियंत्रक वेटोळ्यांतील प्रवाह तत्क्षणी बदलला जातो. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत १९८९ मध्ये कार्यान्वित झालेल्या ‘आदित्य’ टोकामॅकवर, प्लाझ्माच्या कडेशी विद्युतदाब दिलेला इलेक्ट्रोड ठेवून असे कोसळणे टाळता येते, हे प्रयोगांनी दाखविले आहे.

हे विज्ञान आपल्या किनाऱ्याला परके नाही. विजेच्या ट्रामगाड्यांमुळे कुलाब्याच्या चुंबकीय नोंदी बिघडतील, म्हणून ते काम मुंबईहून अलिबागला आणले गेले. १९०४ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचे चढउतार तेथे नोंदले जातात. सूर्याकडून आलेल्या प्लाझ्माने उठविलेली चुंबकीय वादळेही त्यांत उमटतात. अदृश्य प्लाझ्माची हालचाल चुंबकीय बदलांवरून ओळखणे, हे सूत्र दोन्हीकडे एकच.

आपण मुलांना विज्ञानाच्या केवळ विजयकथा सांगतो. त्यामुळे गणितात एकदा अडखळलेले, घरात पहिल्यांदाच शिकणारे मूल ‘हे आपले क्षेत्र नव्हे’ असा निष्कर्ष काढते आणि पालकही दहावीनंतर त्याला त्या वाटेवरून परतवितात. भाभांचे चुकलेले भाकीत व त्यानंतरही चाललेले काम मुलांना सांगावे, असे आमचे आग्रहाचे मत आहे. माजी विद्यार्थ्यांनी वसतिगृहातील मुलांना अलिबागच्या नोंदींची ओळख करून द्यावी आणि अकरावीला भौतिकशास्त्र घेऊ इच्छिणाऱ्या एका तरी मुलाच्या अभ्यासाची जबाबदारी घ्यावी.